गोधडीची नक्षी ठरेना

महानंदाबाईंनी गोधडीचा वरचा थर जोडून संपवला, त्याची नीट घडी घातली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून दिली. आता अस्तर लावून टाके कधी घालणार, असं नरसिंगरावांनी विचारलं, तर म्हणाल्या, "नक्षी सुचत नाही."

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने हे ऐकून पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं. पण नरसिंगरावांनी यंत्रांच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे घरातलं एकच तांत्रिक काम आलं होतं, ते म्हणजे मोरीचा उतार, आणि तेसुद्धा शेवटी गवंड्याने आपल्याच मनाने केलं. त्यामुळे "नक्षी सुचत नाही" हे वाक्य त्यांच्या कानाला एखाद्या बोलावण्यासारखं लागलं. घरात कुणालातरी आराखडा हवा होता आणि आराखडे काढणारा माणूस घरातच बसून होता.

गोधडी होती मुलीसाठी. दिव्यश्री येत्या रविवारी इलेक्ट्रॉनिक सिटीत, ऑफिसच्या जवळ भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. हे लोक येलहंक्याला, म्हणजे शहराच्या या टोकाला, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी त्या टोकाला. "अप्पा, मी ऑफिसात कमी आणि बसमध्ये जास्त असते. पगार खरं तर बसवाल्यांनी द्यायला पाहिजे," असं दिव्यश्रीचं म्हणणं. महानंदाबाईंचं म्हणणं काय होतं ते कुणालाच कळत नव्हतं, कारण त्या ते म्हणतच नव्हत्या. लग्नाआधी, आईबाप त्याच गावात असताना, मुलगी वेगळं बिऱ्हाड करणार हे कळल्यापासून त्या तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. "डबा घे." "स्वेटर घे." "पाणी आलंय." कुठला फ्लॅट, कितवा मजला, भाडं किती, सोबत कोण, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नव्हतं. त्या नुसत्या दिव्यश्रीचे जुने कपडे कापत होत्या आणि जोडत होत्या. शाळेचा निळा पिनाफोर, पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजचे कुडते, कधीतरी उटीला घेतलेला आणि उटीहून परत येईपर्यंतच अंगाला बसलेला लाल फ्रॉक, असं सगळं त्या थरात येऊन बसलं होतं.

नरसिंगरावांनी यातून सरळ गणित मांडलं. बायको बोलत नाही, पण गोधडी शिवते. म्हणजे गोधडी पुरी झाली की राग पुरा होणार. गोधडी अडली आहे नक्षीपाशी. तर नक्षी दिली की रविवारी मायलेकी हसतमुखाने एकमेकींचा निरोप घेणार. नाहीतर मुलगी उंबरा ओलांडत असताना तिची आई स्वयंपाकघरात भांडी लावत उभी राहील, बाहेर येणारच नाही, अशी त्यांना मनापासून भीती वाटत होती. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. तिच्याऐवजी त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड खाली काढला.

पहिला आराखडा शंकरपाळ्यांचा होता. तिरक्या रेघा दोन्ही बाजूंनी, मध्ये सारख्या शंकरपाळ्या, खाली उजव्या कोपऱ्यात चौकटीत लिहिलेलं: "गोधडी, सर्वसाधारण मांडणी, प्रमाण एकास दहा." महानंदाबाईंनी कागद हातात घेऊन लांब धरला.

"फराळाचं चित्र आहे का?"

"टाके आहेत ते. तिरके टाके सगळ्यात मजबूत."

"पांघरून झोपणार आहे ती. त्यावरून लॉरी जाणार नाही."

दुसऱ्या आराखड्यात लाटा होत्या. त्या बघून त्या म्हणाल्या की तिला लहानपणापासून गाडी लागते, अंथरुणात कशाला गरगरायला लावता. तिसऱ्यात एकात एक वर्तुळं होती. ती नेमबाजीच्या पाटीसारखी दिसतात. चौथ्यात विटांची रचना होती, ती कंपाउंडच्या भिंतीसारखी दिसते. नरसिंगराव चिडले नाहीत. कारखान्यात एकेका ड्रॉइंगच्या सात-सात सुधारणा होत आणि तरी साहेब शेवटी पहिलंच पास करी. त्यांनी प्रत्येक आक्षेप समासात टिपून ठेवला. महानंदाबाईंच्या प्रत्येक नकारात एक सारखेपणा होता, पण तो त्यांच्या लक्षात आला नाही, कारण तो समासात बसत नव्हता.

मग त्यांनी ठरवलं की हे काम यंत्रावर सोपवावं. वरचा थर पिशवीत घालून ते येलहंका ओल्ड टाउनमधल्या एका कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्यापुढे नक्ष्यांचा जाडजूड अल्बम उघडला. मोर, कमळ, हंस, हंसाची जोडी, आणि शेवटी पानंच्या पानं विमानं. हवाई दलाचं स्टेशन जवळ असल्याने तिथं विमानांना फार मागणी असावी. नरसिंगरावांनी साध्या भूमितीय आकृतीची चौकशी केली. दुकानदाराने हिंदीत सांगितलं, "सर, विमान ही भूमितीच आहे." तरी गिऱ्हाईक मागे हटत नाही असं बघून त्याने नमुन्यादाखल एक कोपरा मशीनखाली धरला. पिनाफोरच्या जाड शिवणीवर पहिली सुई मोडली, उटीच्या फ्रॉकवर दुसरी. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी सर," म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं म्हणत त्याने थर मोठ्या आदराने परत पिशवीत घातला. त्या कोपऱ्यात आता विमानाच्या शेपटीचा अर्धा भाग होता. तो घरी येऊन उसवताना नरसिंगरावांनी दाराला आतून कडी लावली.

गोधडीची बातमी बिल्डिंगमध्ये कशी पसरली हे सांगणं अवघड आहे. नरसिंगरावांच्या मते ती पिशवीमुळे पसरली. लिफ्टमध्ये तीन मजल्यांच्या प्रवासात त्यांनी ती उघडून चौघांना दाखवली होती, हे ते धरत नाहीत.

आधी आली समोरच्या फ्लॅटमधली मनस्विनी. ती पुण्याहून नोकरीसाठी आलेली, घरूनच काम करणारी आणि क्विल्टिंगचे बरेच व्हिडिओ पाहिलेली. "काका, ग्रिड वगैरे खूप आउटडेटेड आहे. तुम्ही ऑल ओव्हर स्वर्ल्स करा ना. एकदम ऑरगॅनिक फील येतो." ऑरगॅनिक म्हटल्यावर नरसिंगरावांच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरच्या दुकानातला महागडा गूळ आला, पण त्यांनी मान डोलावली आणि टिपून घेतलं.

मग तळमजल्यावरच्या भागुबाई आल्या. मुलाकडे राहायला अथणीकडून आलेल्या, हातात सुई नसेल तर बोटं चोळत बसणाऱ्या. "ह्यो काय भोवऱ्याचा खेळ? कौदीला उभा धावदोरा घालायचा, सरळ, शेतातल्या तासावानी. आमच्याकडं गोधडीला कौदीच म्हनत्यात बगा. आन् कौदीवर फुलं काढत न्हाईत, ती काय उशी हाय व्हय?"

शेवटी आले वेणुगोपाल. ते सोसायटीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चिकपेटेत कापडाच्या धंद्यात, त्यामुळे कापडाविषयी शेवटचा शब्द आपलाच असं त्यांना वाटे. "नरसिंगण्णा, मी सांगतो तुम्हाला. कोपऱ्यात आंबे घाला. जरीच्या साडीला कसे असतात, तसे आंबे. त्याशिवाय कापडाला तोंडच येत नाही, सरी का, बरोबर ना?"

आता तुम्ही म्हणाल की यातला एक सल्ला घ्यावा आणि बाकीच्यांना चहा पाजून वाटेला लावावं. पण एकाच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माणसाला हे जमत नाही. मनस्विनीकडे त्यांचं कुरियर येत असे, भागुबाई लोणचं देत आणि वेणुगोपालांच्या हातात पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक होतं. नरसिंगरावांनी रात्रभर विचार करून सर्वांना मान्य होईल असा आराखडा काढला. गोधडीचे चार भाग. एकात मनस्विनीच्या भोवऱ्या, एकात भागुबाईंचा धावदोरा, एकात वेणुगोपालांचे आंबे आणि चौथ्यात, पाहुण्यांच्या आग्रहाखातर गाणं म्हणावं तशा संकोचाने, त्यांच्या स्वतःच्या शंकरपाळ्या. आणि टाके ज्याचे त्याने घालायचे, म्हणजे शनिवारच्या एका दुपारीत काम फत्ते.

महानंदाबाई तेव्हा अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी आराखडा बघितला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंत?"

"सर्वानुमते."

"छान," असं म्हणून त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. महानंदाबाई ज्याला छान म्हणतात त्याचं पुढे काय होतं हे नरसिंगरावांना खरं तर ठाऊक असायला हवं होतं.

गोधडी पसरायला घरात जागा नव्हती. सगळीकडे दिव्यश्रीचे खोके. तेव्हा असोसिएशनचा खालचा हॉल घ्यायचं ठरलं आणि तिथं कामाला खरी सुरुवात झाली. हॉल मिळायचा तो विवाह, वाढदिवस, भजन, योगासनं किंवा श्रद्धांजली यांपैकी एका कारणासाठी. गोधडी यात नव्हती. वेणुगोपाल स्वतः आंबे घालणार असले तरी रजिस्टर उघडल्यावर ते सेक्रेटरी झाले.

"अण्णा, योगासनात टाकू शकत नाही, त्याला गुरू लागतो."

"मग वाढदिवस म्हणा."

"कुणाचा? नाव लिहावं लागतं. मी भजनात टाकतो. फक्त एक आहे, भजनाला खुर्च्या नाहीत आणि असोसिएशनची सतरंजी कंपल्सरी. ग्रॅनाइटवर ओरखडे नकोत. रूल म्हणजे रूल."

नरसिंगरावांची काहीच हरकत नव्हती. गुडघ्यांना सतरंजी सोयीचीच पडली असती.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजी अंथरली गेली. तिच्यावर अस्तर, अस्तरावर दोन जुन्या मऊ इरकली साड्या, त्यावर दिव्यश्रीचे कपडे जोडलेला थर. नरसिंगरावांनी खडूने चारही भाग आखून दिले. चार बाजूंना चौघे बसले. नोटीस बोर्डवर भजन लिहिलेलं वाचून वरच्या मजल्यावरचं एक वयस्कर जोडपं टाळ घेऊन आलं. ते थोडा वेळ वाट बघत बसले, मग त्यांनीही सुया मागून घेतल्या आणि जिथं जागा दिसेल तिथं टाके घातले. चहा झाला, अवरेकाळूचं उप्पीट झालं. कुणीतरी एक पद म्हटलंसुद्धा, त्यामुळे रजिस्टरमधली नोंदही खोटी राहिली नाही. सुई आतपर्यंत दाबून घालायची आणि दोरा ओढून घट्ट करायचा, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता.

"अस्तर लई जाड घेतलंय बगा, दणकट," भागुबाई कौतुकाने म्हणाल्या. नरसिंगरावांनी अस्तराची निवड आपली असल्याचं नम्रपणे सुचवलं.

चार वाजता काम संपलं. नरसिंगरावांनी दोन कोपरे धरले, वेणुगोपालांनी दोन, आणि गोधडी वर उचलली. ती अपेक्षेपेक्षा बरीच जड लागली. तिच्याबरोबर असोसिएशनची सतरंजी, तिच्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांसकट आणि कोपऱ्यावर तेलरंगात लिहिलेल्या असोसिएशनच्या नावासकट, वर उठली.

सगळ्यांनी वाकून खालची बाजू बघितली. मग मनस्विनी म्हणाली, "ओके. हे अनपेक्षित आहे."

त्यानंतरची बैठक तिथंच उभ्याने झाली. सतरंजी कापून तीच अस्तर म्हणून ठेवावी, असं मनस्विनीने सुचवलं. असोसिएशनची मालमत्ता हॉलबाहेर न्यायची तर जनरल बॉडी बोलवावी लागेल, असं वेणुगोपालांनी सांगितलं. मग गोधडीच इथं ठेवावी, असं टाळवाल्या काकांचं मत पडलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता. वेणुगोपालांनी मालमत्तेच्या नुकसानीबद्दल जबाबदार व्यक्तीला नोटीस देण्याची भाषा काढली, पण उलटं करून बघितलं तर सगळ्यात खोल आणि दुहेरी दोऱ्याचे टाके त्यांच्या आंब्यांचे निघाले. तेव्हा नोटीस मागे पडली. राहिला एकच उपाय, सगळं उसवणं. आणि तिथं पंचाईत झाली, कारण आधी आपली नक्षी उसवावी असं कुणालाच वाटेना. शंकरपाळ्या पहिल्या जाव्यात यावर मात्र चटकन एकमत झालं.

नरसिंगराव वर जायला निघाले. लिफ्ट चालू होती, तरी ते जिन्याने गेले, म्हणजे तेवढंच उशिरा पोचावं. आपण एक साधी गोधडी शिवून देऊ शकलो नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि उद्या काय होणार याचं त्याहून जास्त. महानंदाबाई खोक्यांना सुतळी बांधत होत्या. नरसिंगरावांनी त्यांना सगळं सांगितलं. भजन, उप्पीट, आंबे, सतरंजी, काही लपवलं नाही.

महानंदाबाईंनी सुतळी खाली ठेवली आणि त्या हसायला लागल्या. महिनाभर त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. भिंतीला हात टेकून त्या हसल्या आणि मग पदराने डोळे पुसू लागल्या. ते पुसणं काही लवकर संपेना. नरसिंगराव नुसते शेजारी उभे राहिले.

"चला," त्या शेवटी म्हणाल्या आणि छोटी कात्री घेऊन खाली आल्या.

हॉलमध्ये येऊन त्यांनी कुणाला काही बोल लावला नाही. गोधडी उलटी घालून घेतली, मांडी घातली आणि एका कडेने सतरंजीच्या बाजूचा दोरा कापायला सुरुवात केली. आंबे असोत की भोवऱ्या, त्यांच्या कात्रीला सगळं सारखं. ते बघून बाकीचेही मुकाट बसले. तेवढ्यात दिव्यश्री टेम्पो ठरवून आली. तिनं सतरंजी बघितली, अप्पांचं तोंड बघितलं आणि काही न विचारता आईच्या समोर येऊन बसली.

"कुठून उसवू?"

"त्या टोकाकडून. कापड ओढू नको, विरलंय."

बराच वेळ दोघी दोरे काढत राहिल्या. मग दिव्यश्रीने वर न बघता विचारलं, "आई, तुला नक्षी खरंच सुचत नव्हती?"

"सुचली असती तर गोधडी झाली असती. झाली असती तर तू निघाली असतीस."

"गोधडी नसती झाली तरी निघाले असते गं."

"माहीत आहे," महानंदाबाई म्हणाल्या. "तू जावंस असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. आणि हे तुला सांगायचं तर तोंडातून शब्द निघेना. म्हटलं, रडायला आलं तर तू जायची थांबशील. मग तेही नको वाटलं."

दिव्यश्रीने हातातला दोरा बोटाला गुंडाळला. "मी रोज वाट बघत होते, तू भांडशील म्हणून," ती म्हणाली. "एकटीच आतल्या आत उत्तरं तयार करत बसायचे. कुणी विचारतच नव्हतं."

नरसिंगराव शंकरपाळ्या उसवत हे सगळं ऐकत होते. बायकोने आराखडा मागितलाच नव्हता, तिनं फक्त वेळ मागितला होता, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांना मूर्खासारखं वाटलं आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलंसुद्धा. भागुबाई उगाचच सुईत दोरा ओवत होत्या, आणि वेणुगोपाल आपल्या आंब्यांना शेवटचा निरोप द्यावा तसे एकेक टाका हलकेच काढत होते. दिवे लागायच्या आत सतरंजी मोकळी झाली.

रविवारी सकाळी नरसिंगराव उठले तेव्हा महानंदाबाई खिडकीपाशी गोधडी घेऊन बसल्या होत्या. तीनही थर कच्च्या टाक्यांनी नीट पकडून झाले होते. बाहेरच्या कडेपासून धावदोऱ्याची ओळ सुरू झाली होती. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि पहिल्या ओळीला जवळजवळ चिकटून दुसरी. असेच फेर घेत घेत मध्यापर्यंत जायचं. ना आंबा, ना भोवरी. नरसिंगरावांनी सवयीने मनातल्या मनात हिशेब केला.

"अगं, अशा बारीक टाक्यांना तर वर्ष लागेल. टेम्पो अकराला येतोय."

"मला हीच नक्षी पाहिजे," महानंदाबाई म्हणाल्या.

टेम्पो आला तेव्हा पहिला फेरसुद्धा पुरा झाला नव्हता. खोके चढले, गादी चढली, झाडू चढला. महानंदाबाई स्वयंपाकघरात थांबल्या नाहीत. दारापर्यंत आल्या, मग लिफ्टपर्यंत, मग गेटपर्यंत. काखेत गोधडी, गोधडीत सुई तशीच टोचलेली. त्यांनी ती मुलीच्या हातात द्यायला पुढे केली, पण दिली मात्र नाही.

"तिथं ही पसरायला जागा आहे का?" त्यांनी विचारलं.

त्या घराबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दिव्यश्रीने महिनाभर तयार ठेवलेल्या उत्तरांत याचं उत्तर नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "हॉल पूर्ण रिकामा आहे आई. ऊनसुद्धा येतं. दुपारपर्यंत."

"मग चल. बघून तरी येते," असं म्हणून महानंदाबाई टेम्पोच्या केबिनमध्ये चढल्या आणि गोधडी मांडीवर घेऊन बसल्या. दिव्यश्री त्यांना चिकटून बसली. तिसऱ्या माणसाला तिथं जागा नव्हती आणि नरसिंगरावांनी ती मागितलीही नाही. टेम्पो वळेपर्यंत ते हात हलवत राहिले. त्यांना इतकं बरं वाटत होतं की साखरपुड्याला आलेल्या एका अनोळखी माणसालाही त्यांनी नमस्कार केला.

सतरंजी मोजून घ्यायला आलेले वेणुगोपाल शेजारी येऊन उभे राहिले. "अण्णा, अक्का कुठं निघाल्या?"

"टाके घालायला. संध्याकाळी येईल. पुढच्या रविवारी परत जाणार, त्याच्या पुढच्याही."

"दर रविवारी? किती दिवस?"

"नक्षी बारीक आहे," नरसिंगराव म्हणाले. "वर्षभर तरी सहज पुरेल."